नाव ठेवायचं की नावं ठेवायची!

अहो वहिनी, ती बादली ठेवा जरा खाली. तुमच्या सुनेला सातवा लागला ना? मग नावाचं काही ठरवलंत की नाही? नाही? बरं केलंत. आम्ही आधीच याद्या करून बसलो, आणि मग जे रामायण झालं ते काय सांगू तुम्हाला!

आमची सून गुजराती, हे एव्हाना तुमच्या कानावर आलंच असेल. सुरतेच्या या भेस्तानात कोणती बातमी कुंपणाच्या अलीकडे राहिली आहे? दोघं पांडेसराच्या एका मिलच्या ऑफिसात नोकरीला होते, तिथंच जमलं. व्याही-विहीण माणसं लाख मोलाची हो. लग्नात मानपानावरून एक शब्द नाही, की देण्याघेण्याचा विषय नाही. सगळं पार पडलं आणि गाडी अडली ती नावावर.

बाळ पोटात असतानाच विहीणबाईंनी व्हॉट्सॲपवर यादी धाडली. मुलगा की मुलगी हे कोणाला ठाऊक नाही, म्हणून दोन्हींची. मुलांच्या यादीत पहिलंच नाव पार्थिव. मी आपलं मोठ्यानं वाचलं. आमच्या सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. त्यांची माळ जागच्या जागी थांबली. मला विचारतात, "कोणाचं गं?"

आता त्यांचं तरी काय चुकलं सांगा? मराठी पेपरात पार्थिव येतं ते अंत्यदर्शनाच्या बातमीत. गुजरातीत मात्र चांगलं खणखणीत नाव आहे ते. पार्थिव पटेल नाही का, अहमदाबादचा विकेटकीपर, २००२ साली सतराव्या वर्षी इंग्लंडात टेस्ट खेळला तो. आणि संस्कृतात जा, तर पार्थिव म्हणजे राजा. म्हणजे खोट नावात नाही, आपल्या पेपरवाल्यांत आहे. पण म्हणून आपल्या नातवाला दारात उभं राहून "पार्थिवऽ, जेवायला चल" म्हणून हाक मारायची? माझी जीभ नाही बाई रेटली.

पुढची नावं ऐका. मौलिक, भाविक, चिंतन, हार्दिक. मौलिक म्हटलं की मला अध्यक्षांचे मौलिक विचार आठवतात. भाविक म्हटलं की पंढरपूरची रांग. चिंतन म्हणजे सकाळचा रेडिओ. आणि हार्दिक तर चौकातला बॅनरच, पुढे शुभेच्छा लिहायचं तेवढं बाकी. मी हसले, तर सून गाल फुगवून बसली. बरोबर आहे, तिच्या सख्ख्या भावाचं नाव त्यातच होतं.

पण मीही कमी नाही. माझ्या लेकानं आवडीनं सुचवलं, सचिन. विहीणबाई म्हणाल्या, ते तर पुढचं स्टेशन! खरंच की हो. उधना, भेस्तान, सचिन. लोकलमध्ये बसलं की ओळीनं येतात. सिद्दी नवाबाचं संस्थान होतं ते, आता जीआयडीसी आहे. शेअर रिक्षावाले दिवसभर "सचिन, सचिन, एक सीट सचिन" असे ओरडत असतात. पोरगं बिचारं दर वेळी मागे वळून बघत बसलं असतं.

तर झाली मुलगी. आमच्याकडून बर्फी, त्यांच्याकडून जलेबी. शेजाऱ्यांची चंगळ. मुलांची यादी गेली केरात आणि खरा घोळ सुरू झाला तो पत्रिकेपासून. आमचे गुरुजी म्हणाले, स्वाती नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर रो. आपल्याकडे ते नाव पत्रिकेत लिहून ठेवतात आणि हाक मारायला दुसरंच काहीतरी ठेवतात. कित्येकांना तर आपलं नावरसनाव लग्न जमवताना पहिल्यांदा कळतं. गुजरात्यांचं तसं नाही. तूळ रास आली की र नाहीतर त, आणि त्याच अक्षरावरून हाक मारायचं नाव. त्यांना नक्षत्राचं चरण नको, आम्हाला राशीची सक्ती नको. शेवटी म्हटलं चला, र आणि त तर र आणि त. दोन अक्षरं का होईना, हाताशी आहेत.

र म्हटल्यावर मला पहिली आठवली माझी आई. तिचं नाव रजनी. मी जरा हळवी होऊनच म्हटलं, रजनी ठेवू या का? तर विहीणबाई एकदम, "आ तो मारा मामानुं नाम छे!" रजनीकांतचं रजनी, आणि रजनीचं रजनीभाई. मग कळलं की त्यांच्याकडे सुमनभाई असतात, जयंतीभाई असतात, शांतिलाल असतात. आपल्याकडे सुमन म्हणजे पोलक्यातली मावशी आणि त्यांच्याकडे सुमनभाई म्हणजे धोतरातले काका. माझ्या आईचं नाव त्यांच्या घरात मिशा लावून बसलेलं! आता सांगा, काय बोलणार?

तशी जीभ काही फार वेगळी नाही हो आपली. म्हणजे बघा, ळ. आपल्याला ळ येतो, त्यांनाही येतो. गोपाळ म्हटलं की तेही गोपाळच म्हणतात. समोरच्या लाइनीतली ओडिया भाभी आहे ना, नवरा लूमवर आहे तिचा, गंजामचे ते लोक, त्यांच्या भाषेतही ळ आहे. अडतो तो हिंदीवाला, तो गोपाल म्हणतो. कवळाण्याच्या गोपाळचं तुम्हाला नाशिककरांना मी काय सांगू, मालेगावच्या बाजूचंच गाव ते. १८७५ साली गोपाळ बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. आता गोपाळ नाव गुजरातीत अडत होतं असं थोडंच आहे? पण गादीला गादीचं नाव लागतं. विठ्ठलाचंही तसंच. वल्लभभाईंचे थोरले भाऊ विठ्ठलभाई. विठोबा आपला म्हणून आपण मिरवतो आणि तो इथं गुजरातेत, चरोतरात घरोघरी. आमच्या विहीणबाई दर गुरुवारी दत्तबावनी म्हणतात. ती रचणारे रंग अवधूत म्हणजे मूळचे पांडुरंग विठ्ठलपंत वळामे, १८९८ साली गोध्र्याला जन्मलेले, घराणं कोकणातलं. मी हे सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. वळामे हे आडनाव मात्र त्यांनी एकदाच म्हणून बघितलं आणि स्पष्ट म्हटलं हं. ळ आहे ना!

ऋचंही आपलं जमतं. आपण ऋषीला रुषी म्हणतो, तेही रुषी. हिंदीवाले रिषी. ऋतू आपला रुतू, त्यांचाही रुतू. पण ज्ञ आला की तिथं फारकत. माझ्या जावेचा मुलगा ज्ञानेश्वर. अमळनेरच्या शाळेत त्याचं इंग्रजी नाव डी-एन-वायनं सुरू झालं. इथं आला, गुजराती शिक्षकांनी जी-एननं लिहिलं. पुढे कुठल्याशा हिंदी बाबूनं जी-वायनं लिहिलं. माउलींचं नाव, एक माणूस, तीन कागद, तीन स्पेलिंगं. पासपोर्टाच्या वेळी त्यानं जे हेलपाटे घातले, ते बघून मी तेव्हाच ठरवलं होतं की आमच्या घरात ज्ञ नको. माउली रागावणार नाहीत. ज्याची त्याची अडचण त्यांना कळते.

आणि हो, सुरतेचा अस्सल माणूस स चा ह करतो, हे ऐकलंय ना? हुरत म्हणतो तो सुरतेला. व्याह्यांची आई तशी आहे, जुन्या सुरतेतली. तिच्यापुढे आम्ही स चं नाव काढलंच नसतं. बरं झालं, तूळ रास आली.

मधेच आणखी एक फाटा फुटला. विहीणबाईंचा भाचा मॉन्ट्रियलला असतो. त्यालाही त्याच महिन्यात मुलगी. तिथं म्हणे घराबाहेर फ्रेंच, टीव्हीवर इंग्रजी आणि घरात गुजराती. आमची तर रात्री व्हिडिओवर परिषदच भरायची, एका नावाला चार चार तपासनीस. तो सांगायचा, फ्रेंच लोक ह खातात, हेतलची एताल होते. सी-एच लिहिलं की श वाचतात, म्हणून चेतनाची शेतना. मुलगा असता आणि रोहन ठेवला असता तर शेवटचा न नाकात जाऊन रोआं झाला असता. त्याच्या बायकोनं इला काढलं. किती गोड नाव! तर फ्रेंचमध्ये इल-आ म्हणजे म्हणे "त्याच्याकडे आहे". हजेरी घेताना बाईंनी इला म्हटलं की वर्ग विचारणार, काय आहे त्याच्याकडे? मी एवढी हसले की इकडे पाळण्यातली उठली.

त्यानंच सांगितलं, फ्रान्समध्ये १८०३ साली कायदाच केला होता की कॅलेंडरातल्या संतांची नाहीतर प्राचीन इतिहासातल्या माणसांचीच नावं ठेवायची. आईबापांना मनासारखं नाव ठेवायची मोकळीक मिळाली ती १९९३ साली. मी म्हटलं, आपले गुरुजी बरे मग, ते निदान अक्षर देऊन सोडून देतात. आणि त्याच्या क्वेबेकमध्ये बायकोनं लग्नानंतर माहेरचंच आडनाव चालवायचं, १९८१ पासून तसा कायदाच आहे. हे ऐकून मी जरा गप्पच झाले. माझं तर आडनावच नाही, नावसुद्धा बदललं होतं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि संपलं. माहेरी ज्या नावानं मला हाका मारायचे, ते आता शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलंय. सुनेच्या वेळी मी ते तांदळाचं ताट मांडूच दिलं नाही. तिचं तिला राहू दे.

शेवटी त्या भाच्यानं मुलीचं नाव काय ठेवलं माहीत आहे? मीरा. फ्रेंचला चालतं, इंग्रजीला चालतं, गुजरातीत तर द्वारकेपर्यंत पोचलेलं. नाव छान आहे, मी काही नावं ठेवत नाही. पण परदेशात ज्याला त्याला मीरा, माया, तारा, नीना. कुठल्याही जिभेला टोचू नये म्हणून नावाची साल काढायची, बिया काढायच्या, आणि मग उरतं ते सगळ्यांचं सारखंच. मला विचाराल तर एखादं जोडाक्षर असू द्यावं. समोरच्याला दोनदा विचारावं लागलं तर लागलं. तेवढ्यात ओळख होते.

सासूबाईंचं तिसरंच. त्या म्हणायच्या, मन्हा काळात कशाची यादी नि कशाचं काय? मुलं जगायची नाहीत तेव्हा, म्हणून नाव असं ठेवायचं की सटवाईनंसुद्धा नाक मुरडून पुढे जावं. दगडू, धोंडू, भिका, उखर्डू. व्याह्यांच्या आई बारशाआधी आठ दिवस इथं राहायला आल्या, त्यांनी लगेच भर घातली, अमारामां कचराभाई, भीखाभाई! दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून तासभर मेलेल्या-जगलेल्या पोरांची नावं काढत होत्या. एक अहिराणीत, एक सुरतीत. मधे दुभाषा लागला नाही. बोलता बोलता डोळे पुसत होत्या आणि पुन्हा उखर्डूवर हसत होत्या. एकीची तीन गेली होती, दुसरीची दोन. आपण आज ळ आणि ज्ञ वर भांडतो, हे त्यांना केवढं चैनीचं वाटत असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं.

त्याच दुपारी सासूबाई म्हणाल्या, तापी ठेवा. त आहे ना? खानदेशातून वाहत सुरतेला येते, आपल्यासारखीच. व्याह्यांच्या आईंनी टाळीच दिली. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा वाढदिवस असतो इथं, नदीला चुंदडी वाहतात, बघाल तुम्ही. सूर्याची मुलगी ती. मला तर पटलं होतं बाई. पण सून म्हणाली, इंग्लिश मीडियममध्ये तिची टॅपी होईल. आणि मुलगा म्हणाला, पूर आला की पेपरात बातमी येईल, तापीनं धोक्याची पातळी ओलांडली. झालं, बसली तापी खाली.

नाव शेवटी कोणी काढलं? माझ्या लेकीनं. हक्कच तिचा. आपली आत्या आणि त्यांची फोई, नाव ठेवायचा मान दोन्हीकडे बापाच्या बहिणीचा, म्हणून तिथं वाद नव्हता. ती म्हणाली, ऋचा. म्हणायला र, म्हणजे रास सुटली. आपल्याकडे रुचा, त्यांच्याकडेही रुचा. अर्थ चांगला, वेदातली ऋचा. ओडिया भाभीला म्हणायला लावलं, ती म्हणाली रुचा. भाजीवाल्या भैयाला विचारलं, तो म्हणाला रिचा. ठीक आहे, चारांतला एक. मॉन्ट्रियलचा भाचा म्हणाला, इकडे आणलीत तर र घशातून काढतील आणि पुढे शा लावतील. म्हटलं, आणू तेव्हा बघू.

बारसं दोन्ही रीतींनी केलं. आधी पाळणा, वरवंटा इकडून तिकडे, घुगऱ्या. मग त्यांची झोळी. लाल कापडाची चार टोकं चार पोरांनी धरायची, त्यात बाळ, पिंपळाचं पान, सुपारी, रुपया. एक आमचा नातू, दोन त्यांची भाचरं आणि चौथं पोरगं कमी पडलं म्हणून ओडिया भाभीचा मुलगा आणला. त्यानं आपलं टोक इतकं वर ओढलं की सुपारी गेली घरंगळत आणि बाळ एका कुशीवर. सगळ्या बायका एकदम ओरडल्या, कोणी मराठीत, कोणी गुजरातीत. त्या गलक्यात लेकीनं नाव सांगितलं ते कोणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा सांगायला लावलं. व्याह्यांनी दोनदा नाव सांगितलं म्हणून फोईला दोन साड्या दिल्या. माझी लेक कशी, लगेच म्हणाली, तिसऱ्यांदा सांगू?

आता तुमच्या कामाचं सांगते, ते नीट ऐका. नावावरून घरात तुंबळ चाललं असलं तरी जन्माची नोंद थांबवू नका. ती एकवीस दिवसांत झाली पाहिजे, १९६९ चा कायदा आहे. नाव कोरं ठेवलं तरी चालतं. नोंद झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर पैसे नाहीत, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा म्हणा, पासपोर्ट म्हणा, जन्मतारखेला हाच दाखला. पूर्वीसारखं शाळेत मास्तर लिहितील ती तारीख, असं आता नाही.

दुसरं, ते भाई प्रकरण. इथं कोणाच्याही नावाला भाई आणि बेन लावतात, प्रेमानं लावतात. बोलताना लावू द्या. कागदावर नको. आमच्या दिरांच्या इथल्या सगळ्या कागदांवर नावापुढे भाई, आणि गावच्या सातबाऱ्यावर नुसतं नाव. वारसाच्या नोंदीला गेले तर तिथला माणूस विचारतो, हे भाई कोण? ॲफिडेव्हिट, साक्षीदार, वर्ष गेलं त्यात. तेव्हा बापाचं नाव सातबाऱ्यावर असेल तसं, एक अक्षर जास्त नाही. आणि तुम्हीही पाटील ना? मग ते पटेल होत नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून बघा.

शाळेची काळजी करू नका. इथं महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांच्या आहेत, गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. म्हणजे तुमच्या नातवंडाचं नाव सात तोंडांतून जाणार हे धरूनच चाला. म्हणून नाव ठरलं की आधी ते या गल्लीत सगळ्यांकडून म्हणवून घ्या. माझ्याकडून, विहीणबाईंकडून, ओडिया भाभीकडून, त्या भैयाकडून. स्पेलिंग घरीच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या, तोंडी सांगू नका. दाखला हातात आला की खिडकीपासून हलू नका, गुजराती आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं तिथंच वाचा, चूक असेल तर तिथंच दाखवा. गुजराती वाचता येत नसेल तर मला घेऊन चला. दुपारी तीननंतर मी मोकळीच असते.